शिवसागराच्या पल्याडची गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाच्या काठी, विशेषतः कांदाटी खोऱ्यात आणि पश्चिमेच्या डोंगरकुशीत, जी गावं आणि वाड्या आहेत त्यांच्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तिकडे बदली झालेले शिक्षक, आरोग्यसेवक, नव्याने लग्न होऊन जाणाऱ्या मुलींच्या घरचे लोक, मुंबईत वाढलेली गावची मुलं आणि वासोटा किल्ल्याला निघालेले ट्रेकर, सगळ्यांचा थोडाथोडा विचार केला आहे.

ही गावं नेमकी कुठे आहेत?

कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहत हेळवाकपर्यंत येते. तिथे ती पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या अलीकडे देशमुखवाडीजवळ धरण झालं आणि मागची अरुंद, लांबलचक दरी पाण्याने भरली. तापोळ्याजवळ सोळशी नदी कोयनेला मिळते आणि पश्चिमेकडून कांदाटी येते. तिन्ही नद्यांच्या दऱ्यांत पाणी शिरल्यामुळे मधल्या डोंगरसोंडा पाण्यात घुसलेल्या दिसतात. पूर्वेच्या काठावर जावळी तालुक्यातलं बामणोली, उत्तरेला महाबळेश्वर तालुक्यातलं तापोळा, आणि पल्याड कांदाटी खोरं: उचाट, कांदाट, वलवण, शिंदी, चकदेव, पर्वत, वाघावळे, लामज, निवळी, अकल्पे अशी गावं. खाली दक्षिणेकडे पाटण तालुका सुरू होतो.

याला बेट म्हणायचं का?

नकाशावर नाही. व्यवहारात बऱ्याच वाड्यांची गत बेटाचीच आहे. समोर पाणी, पाठीमागे सह्याद्रीची कडेतोड धार आणि त्यापलीकडे कोकण, बाजूला अभयारण्य. धरणाआधी ही गावं दरीतल्या पायवाटांनी एकमेकांना जोडलेली होती आणि भाताची चांगली खाचरं नदीकाठी होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवलं गेलं तेव्हा वाटाही बुडाल्या आणि खाचरंही. बरीच कुटुंबं रायगड, रत्नागिरी, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगली. ज्यांची घरं पाण्याच्या रेषेच्या वर राहिली किंवा ज्यांनी वर सरकून नव्याने घरं बांधली, ते इथेच राहिले. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली, तुटलेपण मात्र यांच्या वाट्याला आलं, आणि पुनर्वसनाचे प्रश्न त्यानंतर कित्येक दशकं रेंगाळले. या गावांबद्दल बोलताना ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी.

पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं?

इथलं सगळं वेळापत्रक या एका उत्तरावर चालतं, म्हणून जरा सविस्तर.

धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि पूर्ण भरल्यावर पातळी २१६३ फूट ६ इंच होते. धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं. जूनच्या अखेरीपासून आवक वाढते, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी झपाट्याने चढतं आणि सप्टेंबरपर्यंत जलाशय भरत येतो. पुढे पाणी दोन बाजूंनी जातं. मोठा भाग बोगद्यांतून पश्चिमेला, वीजनिर्मितीसाठी. ते पाणी वीज करून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरतं. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी वापरायची मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घालून दिलेली आहे. दुसरा भाग पूर्वेला कोयना नदीत, सिंचन आणि पिण्यासाठी. सांगलीच्या शेतापर्यंत जाणारं ते पाणी हेच. त्यामुळे नोव्हेंबरपासून पातळी उतरू लागते आणि मेअखेर ती ऐंशी फुटांच्याही पुढे खाली गेलेली असते. पाऊस लांबला तर आणखी.

वर्तमानपत्रात रोज येणारा टीएमसीचा आकडा गावच्या भाषेत कसा वाचायचा? जलाशय भरत आला की त्याचा पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर होतो. त्या पातळीला १ टीएमसी म्हणजे अंदाजे दहा इंच चढ. तळाशी दरी अरुंद असते, तिथे तेच १ टीएमसी दोन-अडीच फूट चढवतं. जुलैत एका दिवसात ५-६ टीएमसी आवक झालेले दिवस येतात. म्हणजे पाणी खाली असताना जोराचा पाऊस लागला तर एका रात्रीत दहा फूट वाढ धरूनच चालायचं. काठाचा उतार पाचास एक असेल तर दहा फूट उभी वाढ म्हणजे पन्नास फूट जमीन पाण्याखाली. काठावर ठेवलेली होडी, जाळं, बांधलेलं जनावर, रचलेला लाकूडफाटा, सगळं या पन्नास फुटांत येतं.

म्हणून जुलैत होडी बांधताना दोर लांब ठेवतात आणि खुंटा काठाला न मारता वरच्या झाडाला गाठ देतात. आखूड दोराने बांधलेली होडी पाणी चढलं की नाकाडावर ओढली जाते आणि भरून बुडते. रात्री एकदा आणि पहाटे एकदा दोर बघायचा, हा नियम आहे. उलट फेब्रुवारीनंतर होडी रात्रभर तशीच सोडली तर सकाळी चिखलात रुतून बसलेली सापडते.

धरणक्षेत्रातला पाऊस कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी मोजून रोज जाहीर होतो. पल्याडच्या माणसाने यातला महाबळेश्वर आणि नवजाचा आकडा बघावा, कारण पाणी तिथून येतं.

पल्याड जायचे रस्ते कोणते?

तीन.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, सुमारे ३५ ते ४० किलोमीटर, पुढे लाँच. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. दवाखान्याचं किंवा कोर्टाचं काम असेल तर ते दिवस टाळा.

महाबळेश्वरहून तापोळा, २५ ते ३० किलोमीटरचा वळणांचा उतार, पुढे लाँच किंवा तराफा. अतिवृष्टीत या रस्त्यावर दरडी येतात आणि काही वेळा रस्ताच खचतो. जुलै २०२१ मध्ये तसंच झालं होतं.

तिसरा कोकणातून: खेड, खोपी, रघुवीर घाट, शिंदी. कांदाटी खोऱ्यातल्या वरच्या गावांना बाजाराला, सुक्या मासळीला, कधी दवाखान्यालाही खेड जवळ पडतं. जिल्हा सातारा आणि बाजार रत्नागिरीचा, असं हे खोरं आहे. पावसाळ्यात रघुवीर घाट दरडींमुळे वरचेवर बंद होतो. निघण्याआधी खोपीत कुणाला तरी फोन करून विचारा. चकदेवहून आंबिवलीकडे कोकणात उतरणारी शिड्यांची वाट जुनी आहे. ती सवयीच्या माणसांची वाट आहे आणि ओल्यात तिच्यावर पाय ठेवू नये.

लाँच, होडी आणि तराफा यांत फरक काय?

लाँच म्हणजे डिझेल इंजिनाची प्रवासी बोट. जिल्हा परिषदेच्या काही आहेत, बाकी स्थानिक बोट क्लबच्या आणि खासगी. होडी म्हणजे वल्ह्याची, घरची. समोरच्या वाडीला, शाळेला, जाळं टाकायला. तराफा म्हणजे सपाट तळाची मोठी फेरी. तिच्यावर जीप, ट्रॅक्टर, दुचाक्या, वाळू-सिमेंट चढतं. लग्नाचं सामान, पत्रे, गुरं न्यायची असतील तर तराफ्याच्या माणसाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. पातळी उतरली की त्याची लागायची जागा बदलते आणि गाडी चढायचा उतार चिखलाचा होतो. चाकाखाली टाकायला दोन फळ्या बरोबर असू द्या.

लाँचमध्ये बसताना काय काळजी घ्यायची?

पहिली गोष्ट, लाइफ जॅकेट अंगात घालायचं आणि पट्टे आवळायचे. मांडीवर घेतलेलं जॅकेट पाण्यात उपयोगाचं नाही. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर ते गळ्यातून वर निसटतं. मुलाच्या मापाचं मागा. नसेल तर मधला पट्टा दोन्ही मांड्यांमधून घेऊन बांधा.

दुसरी, वजन. बोटीच्या बाजूवर प्रवासी संख्या रंगवलेली असते. तांदळाची पोती, गॅसची टाकी आणि सिमेंट चढलं की तितकी माणसं कमी करायला हवीत. पन्नास किलोचं एक पोतं म्हणजे एक माणूस, असा हिशोब धरा. जड सामान तळाला आणि मध्यावर. टपावर काही नाही.

तिसरी, उठू नका. बोट लागताना सगळे एकदम धक्क्याच्या बाजूला सरकतात आणि बोट कलंडते. अपघाताची खरी वेळ तीच. दोर बांधून होईपर्यंत बसून राहा, मग एकेकाने मधून चालत या.

चौथी, वेळ. सकाळचं पाणी शांत असतं. दुपारनंतर दरीत वारा भरतो आणि रुंद पात्रात, विशेषतः तापोळ्याजवळच्या तीन नद्यांच्या संगमाच्या भागात, लाटा आडव्या येतात. मार्च ते मेमध्ये वळवाचं वादळ दहा-पंधरा मिनिटांत उभं राहतं. चालक "आता नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका. थंडीत सकाळी धुकं असतं आणि समोरची बोट दिसत नाही. तेव्हा उशीर होणार हे धरून चाला.

मध्येच इंजिन बंद का पडतं?

बहुतेक वेळा तीन कारणं. पंख्यात जाळ्याचा तुकडा, प्लास्टिक किंवा वेल अडकते. इंजिन बंद करून, बोट काठाला लावूनच ती काढायची. दुसरं, डिझेलमध्ये पाणी; कॅन उघडा राहिला की पावसाचं पाणी जातं, म्हणून ओतताना गाळणी आणि कापड. तिसरं, बुडालेल्या झाडांचे बुंधे. पाणी अडवलं तेव्हाची झाडं आजही काही ठिकाणी खाली उभी आहेत. पातळी उतरत असते त्या महिन्यांत ती पंख्याच्या उंचीवर येतात, वरून मात्र काही दिसत नाही. म्हणून वाटेची माहिती असलेल्या चालकाशिवाय उन्हाळ्यात मधून बोट घालू नये. प्रत्येक बोटीत दोन वल्ही, लांब बांबू, दोर आणि विजेरी हवीच.

उन्हाळ्यात लाँच धक्क्यापर्यंत येत नाही, मग?

चालायचं. धक्का पाण्यापासून कित्येक शे फूट दूर राहतो आणि मध्ये गाळ. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसला तरी खाली लगदा असतो. गुरं जिथून जातात ती मळलेली वाट धरा, सरळ रेषेत जाऊ नका. कुणी रुतलंच तर पाय उपसायचा प्रयत्न करायचा नाही. अंग मागे टाकून वजन पसरायचं, आणि बाकीच्यांनी फळी किंवा ताडपत्री सरकवून ओढायचं.

याच दिवसांत जुन्या गावांचे चौथरे, देवळांचे दगड, विहिरींचे कठडे वर येतात. लोक तिथे जाऊन नारळ फोडतात. ती त्यांच्या आजोळघरांची जागा आहे. दगड उचलून आणू नयेत.

पावसाळ्याची बेगमी किती करावी लागते?

पाच माणसांच्या घराला जून ते सप्टेंबर असे चार महिने धरून:

तांदूळ दीडशे ते पावणेदोनशे किलो, नाचणी चाळीस-पन्नास किलो, डाळी आणि कडधान्य मिळून तीस किलो, तेल पंधरा लिटर, मीठ दहा किलो (त्यात लोणचं आणि गुरांचं आलं), गूळ-साखर पंचवीस किलो, चहा, मसाला, लसूण-कांदा. सरपण रोजचं चार-पाच किलो, म्हणजे पाच-सहाशे किलो कोरडं लाकूड. ते होळीच्या आसपास तोडून ठेवलं तर मेपर्यंत वाळतं. मेमध्ये आणलेलं ओलं लाकूड जुलैत नुसता धूर करतं. गॅस आहे, पण टाकी संपली आणि लाँच बंद असली तर चुलीशिवाय गत नाही.

तांदूळ सगळा सडून ठेवू नये. निम्मं तरी भातच ठेवावं, त्याला कीड कमी लागते. कणगीला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून पूर्ण वाळवायचं. ओलसर राहिली तर तळाचं धान्य आंबूस होतं. कणगी जमिनीवर न ठेवता दगड-फळीवर आणि भिंतीपासून वीतभर सुटी. नाचणी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून अडीअडचणीचं धान्य तीच. काड्यापेट्या, सेल, औषधं झाकणाच्या डब्यात, तळाला भाजलेले तांदूळ घालून. ते ओल शोषतात.

भाजी रानातून मिळते: भारंगी, टाकळा, कुर्डू, चाईचे कोंब. पण पहिले पंधरा दिवस आणि संततधारेत काहीच आणता येत नाही. तेव्हा सांडगे, सुकट, बोंबील, वाल-पावट्याची डाळ.

घरं एवढ्या पावसात टिकतात कशी?

मेमध्ये कौलं चाळतात. एक-एक कौल उतरवून, शेवाळ झाडून, फुटकी बदलून परत लावतात. एक फुटकं कौल म्हणजे खालचा वासा दोन पावसाळ्यांत कुजला. मग भिंतींना झड बांधायची. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूला बांबूच्या चौकटीवर गवत किंवा पेंढा दाबून उभा पडदा करतात. आता बरेच जण ताडपत्री लावतात. ताडपत्री भिंतीला चिकटवून लावली तर आत ओल कोंडते आणि मातीची भिंत पायथ्याला फुगते. हातभर अंतर हवंच. पागोळ्या पडतात त्या रेषेत फूटभर खोल चर खणून उताराला काढून द्यायचा. भिंती पडतात त्या बहुधा वरच्या पावसाने नव्हे, पायथ्याशी साचलेल्या पाण्याने.

कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती अजून काही घरांत आहेत. हलक्या असतात, भूकंपात जीव घेत नाहीत.

भूकंपाचं काय?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला मोठा धक्का बसला. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयाशी संबंध जोडल्या गेलेल्या भूकंपांत तो जगभर अभ्यासला जातो. बारीक धक्के आजही बसतात. नवं घर बांधताना जोत्यावर, खिडकीच्या वर आणि छताखाली अशा तीन पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे घ्या, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर स्लॅब टाकू नका. माळ्यावर जड वस्तू झोपायच्या जागेच्या वर नकोत.

शेती काय होते?

चांगली जमीन पाण्याखाली गेली, त्यामुळे जी आहे ती उताराची. ओढ्याकाठच्या खाचरांत भात, वरकसावर नाचणी आणि वरी. भातासाठी फाल्गुन-चैत्रात राब, म्हणजे रोपांची जागा, भाजतात: खाली शेण, वर पालापाचोळा, त्यावर गवत, त्यावर बारीक मातीचा थर. मातीचा थर दिला नाही तर आग भडकते आणि राख उडून जाते. दिला की धुमसत राहते आणि तणाचं बी मरतं. एक एकर लावणीला चार गुंठे राब पुरतो. पहिल्या चांगल्या पावसावर पेरायचं आणि २१ ते २५ दिवसांत आवण (भाताची रोपं) उपटून लावणी. पाऊस दडी मारून आवण चाळीस दिवसांचं झालं तर फुटवे कमी येतात. अशा वेळी एका चुडात दोन-तीन काड्या जास्त लावतात.

पाणी उतरल्यावर मोकळ्या होणाऱ्या गाळावर गाळपेर करतात. ती जमीन पाटबंधारे खात्याची, वर्षाच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि प्रकल्पग्रस्तांना आधी. गाळात ओल असते, त्यामुळे हरभरा, पावटा, थोडा गहू जवळजवळ बिनपाण्याचा येतो. धोका एकच, पीक उशिरा धरलं तर वळवात चिखल होऊन काढणी हातची जाते.

गवा किंवा डुक्कर शेतात शिरलं तर?

तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत जोडा. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. पावलांचे ठसे आणि मोडलेलं पीक तारखेसह मोबाइलवर टिपा, फोटोत बांध किंवा ओळखीचं झाड येऊ द्या. लाँच बंद आहे म्हणून अर्ज उशिरा गेला असेल तर तसं अर्जातच लिहा. विजेचा प्रवाह सोडलेलं कुंपण घालू नका. गुन्हा आहेच, आणि त्यात माणसं मरतात. अस्वल दिसलं तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानवाटेने एकट्याने जाऊ नये, जाताना बोलत जावं.

आजारी माणसाला कसं नेतात?

तापोळा आणि बामणोली इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत आणि लाँचवर चालणारा तरंगता दवाखानाही आहे. वाडीपासून धक्क्यापर्यंत मात्र झोळी किंवा डोली. दोन बांबू, जाड घोंगडी, चार माणसं आणि बदलीला आणखी चार. १०८ ला फोन करताना गावाबरोबर रुग्ण कोणत्या धक्क्यावर उतरणार तेही सांगा, नाहीतर गाडी पाण्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहते.

गरोदर बाईला पावसाळ्यात तारीख असेल तर दिवस भरायच्या तीन आठवडे आधी मेढा, सातारा किंवा महाबळेश्वरला नातलगांकडे हलवा. "बघू, अजून वेळ आहे" म्हणून थांबण्यात जीव गेले आहेत.

सर्पदंशात: दंश झालेला हात-पाय फळीला बांधून स्थिर करा, अंगठी-जोडवी काढा, वेळ लिहून ठेवा, आणि निघा. कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. मांत्रिकाकडे एक तासही घालवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळजवळ नाही आणि खूणही दिसत नाही. सकाळी पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं दिसलं तर दंश झाला असं धरूनच लाँच मागवा. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मुलं शाळेत कशी जातात?

गावात चौथीपर्यंत शाळा असली तरी पुढे पायी, होडीने किंवा आश्रमशाळा-वसतिगृहात. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडून शाळेला जातात, ही बातमी २०२२ मध्ये आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. या मुलींचं कौतुक झालं ते योग्यच. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीला रोज जीव मुठीत धरून शाळा गाठावी लागू नये, ही साधी मागणी आहे आणि ती जुनी आहे. नव्या शिक्षकांना एवढंच सांगणं: जून-जुलैची गैरहजेरी मुलांच्या माथी मारू नका, आणि गावातच मुक्काम करा. रोज साताऱ्याहून ये-जा करून ही शाळा चालत नाही.

समोर एवढं पाणी आणि तरी एप्रिलमध्ये टंचाई?

होय. जलाशय खाली, गाव वर. मधला चढ तीन-चारशे फूट असू शकतो आणि उन्हाळ्यात पाणी आणखी खाली. गावं पितात ते पाणी झऱ्यांचं. कातळातला झरा मार्चनंतर करंगळीएवढा होतो. झऱ्याभोवती दगडी कुंडी, झाकण आणि वर शंभर-दीडशे फुटांवर चर खणले तर धार महिनाभर जास्त टिकते. कुंडीच्या वरच्या बाजूला गुरं बांधू नका, शौचालय नको.

वीज आणि मोबाइल?

पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज चार-आठ दिवस जाते, वायरमनला लाँचनेच यावं लागतं. मोबाइलची रेंज डोंगरसोंडेच्या टोकावर मिळते. ती जागा प्रत्येक गावात ठरलेली असते. सौर दिवे चालतात, पण जुलैत ऊन नसतं, म्हणून जादा बॅटरी.

मासेमारी कुणालाही करता येते का?

नाही. परवाना लागतो आणि अभयारण्याच्या हद्दीत बंदी आहे. कटला, रोहू, मृगळ, खवल, वाम मिळतात. पावसाळा हा विणीचा काळ, तेव्हा चढणीचे मासे धरू नयेत.

वासोट्याला जायचं आहे.

बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्या, ओळखपत्र बरोबर ठेवा, लाँचने दीड तासात मेट इंदवलीच्या पायथ्याला, तिथून दाट रानातून दोन-अडीच तास चढ. पावसाळ्यात बंद. मुक्काम नाही, दुपारी परत फिरा. शेवटची लाँच तुमच्यासाठी अंधारात थांबवणं म्हणजे चालकाला धोक्यात घालणं. प्लास्टिक मोजून नेतात आणि मोजून परत आणायचं असतं. हे रान कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि २०१२ पासून जागतिक वारशात. आणि एक विनंती: लाँचवर गावची बाई आजारी मूल घेऊन उभी असेल तर तुमचं बुकिंग बाजूला ठेवा.

तिकडे जागा घ्यावी का?

शेतकरी नसाल तर शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. गट धरणाच्या संपादन रेषेत, व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो का ते तलाठ्याकडे, पाटबंधारे खात्यात आणि वनविभागात, तिन्ही ठिकाणी वेगवेगळं विचारा. मेमध्ये दाखवलेली "पाण्याला लागून असलेली" सपाट जागा सप्टेंबरमध्ये पुन्हा बघा. ती पाण्याखाली असते.

पूल झाले की लाँच बंद होतील?

आपटी-तापोळा केबल-स्टे पूल आणि तापोळा-अहिर पूल ही कामं हाती घेतली गेली आहेत. त्यांनी साताऱ्याकडून तापोळ्याला जाताना महाबळेश्वरचा वळसा वाचेल. पण पूल दोन गावांना जोडतो, मधल्या फाट्यांतल्या वाड्या तिथेच राहतात. पुलाच्या तोंडापासून आत रस्ता, मोऱ्या आणि दरडीचं काम झालं नाही तर त्या वाड्यांचा रुग्ण होडीतूनच येणार. म्हणून ग्रामसभेत पुलाबरोबर वाडीचा रस्ता आणि लाँचची फेरी, तिन्ही एकाच ठरावात मागा.

मुंबईहून गावी येताना काय आणावं?

मिठाईपेक्षा चांगली ताडपत्री, दोन विजेऱ्या, जादा सेल, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं, मच्छरदाणी, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं. पंधरा-वीस मीटर जाड नायलॉन दोर कुठल्याही घरात कामाला येतो. आणि येताना आधी फोन करा, त्या दिवशी धक्का कुठे लागतोय ते विचारून घ्या.